नसेचं अस्तर

मामांची बायपास झाली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण छातीवरचे टाके बघायचा. माझं लक्ष मात्र त्यांच्या पायाकडे जाई. घोट्यापासून मांडीपर्यंत गेलेली ती लांब शिवण! पायातली नस काढून हृदयावर बसवतात, हे तेव्हा कळलं. तेव्हापासून पंधरा वर्षं मी नसांविषयी मिळेल ते वाचतो आहे.

नसेच्या आत, आणि धमनीच्याही आत, पेशींच्या एकाच थराचं अस्तर असतं, एंडोथेलियम. रक्त गोठू न देणं, वाहिनी सैल किंवा घट्ट करणं, पाणी किती झिरपू द्यायचं ते ठरवणं, ही त्याची कामं. तंबाखू आणि मधुमेह त्याला आधीच दुबळं करतात. मोठ्या शस्त्रक्रियेत त्याच्यावरचा साखर-प्रथिनांचा नाजूक लेपही गळतो, आणि रुग्णाच्या अंगावर सूज येते, त्यात त्याचाही वाटा असतो.

या अस्तराचं मोल कळलं ते ब्रुकलिनच्या एका प्रयोगशाळेत. रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर औषधं तपासत. ॲसिटिलकोलिनने पट्टी आवळायची. 1978 साली त्यांच्या तंत्रज्ञाकडून प्रयोगाचा क्रम चुकला, आणि त्याच जातीच्या दुसऱ्या औषधाने धमनी चक्क सैलावली! शोध घेता घेता उमगलं की, इतकी वर्षं पट्टी तयार करताना आतली बाजू नकळत घासली जात होती, अस्तर निघून जात होतं. मग त्यांनी अस्तर नसलेल्या पट्टीला अस्तर असलेली पट्टी सँडविचसारखी चिकटवली, आणि उघडी पट्टीही सैल पडली. म्हणजे अस्तरातून काहीतरी पाझरत होतं! ते निघालं नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू. 1998 मध्ये या शोधासाठी फर्चगॉट आणि आणखी दोन शास्त्रज्ञ, इग्नारो व मुराद, यांना नोबेल मिळालं. मला मात्र नोबेलहून ते सँडविच जास्त आवडतं.

आता मामांच्या पायाकडे येतो. नेहमीच्या रीतीत नस काढताना तिच्याभोवतीची चरबी सोलतात. हात लागला की नस आकसते, म्हणून सिरिंजने द्रव भरून ती फुगवतात. त्या ताणाने अस्तर फाटतं आणि पुढे नस बुजायला वाट होते. स्वीडनमधल्या ओरेब्रो गावी सर्जन डोमिंगोस सूझा यांनी 1990 च्या दशकात दुसरी वाट धरली: नस चरबीच्या गादीसकट काढायची, फुगवायचीच नाही. सुमारे 16 वर्षांनी तपासलं तेव्हा अशा 83 टक्के नसा चालू होत्या, जुन्या रीतीच्या 64 टक्के. पायाची जखम भरायला मात्र जास्त त्रास होतो. तरी निवड माझ्या हाती असती, तर मामांसाठी मी सूझांचीच रीत मागितली असती.

शस्त्रक्रियेआधी अस्तराची परीक्षाही घेता येते. हातावर पट्टा आवळून पाच मिनिटांनी सोडायचा आणि धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीत बघायचं. 2002 साली बोस्टनमधल्या डॉक्टरांना दिसलं की, रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या हृदयाला त्रास झाला, त्यांची धमनी आधीच कमी रुंदावत होती. शस्त्रक्रियेआधीच्या फिटनेसच्या कागदात साखर येते, ईसीजी येतो. या अस्तरालाही तिथे एक ओळ मिळावी, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या वर्षी एका सर्जन मित्राने मला बायपासच्या वेळी ऑपरेशन थिएटरात उभं राहू दिलं. त्याने नस पिवळ्या चरबीसकट अलगद उचलली, कुठेही चिमट्यात धरली नाही आणि रुग्णाच्याच रक्ताने भरलेल्या वाटीत ठेवली.