थंड हवेचा गरम मामला

छोटी टर्बो कार, हातात बोनस आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री! अशा वेळी 'कोल्ड एअर इनटेक' घ्यावा की नाही? भंडाऱ्याच्या एका पोराची ही आपबीती.

सोमवार ते शुक्रवार मी नागपुरात, मिहानमधल्या एका कंपनीत कोड लिहितो. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद झाला की मी आणि माझी पोलो, दोघंही सुटतो. पारडी ओलांडली, मौदा मागे पडलं आणि वैनगंगेचा पूल दिसला की समजायचं, घर आलं. साठेक किलोमीटरचा रस्ता. आठवड्यातला सगळ्यात भारी तास!

गाडी २०२१ची, सेकंडहँड. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टीएसआय इंजिन, ११० पीएस, १७५ एनएम. आपल्या पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार झालेली. २०२२मध्ये पोलोचं उत्पादन तिथे थांबलं, त्यामुळे आता तर ती आणखीच जिवापाड जपायची. पण राव, टर्बोवाल्यांना एक खाज असते. गाडी आहे तशी चांगली असली, तरी 'अजून थोडं' हवंच असतं. त्यात अप्रेझल बरं झालं, बोनस आला आणि ऑफिसातल्या एका मित्राने कानात मंत्र फुंकला, 'इनटेक टाक बे. पिकअप बघ मग!'

मी टाकला. पुढचं सगळं रामायण त्यानंतरचं.

हवेचा फंडा

आधी थोडी शाळा. इंजिन म्हणजे हवेचा पंप. आपलं एक लिटरचं इंजिन ५,००० आरपीएमला मिनिटाला साधारण अडीच हजार लिटर हवा ओढतं, तेही टर्बोची मदत न धरता. टर्बो जोरात असला की आणखी बरीच. थंड हवा दाट असते, म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू जास्त. हवा दहा डिग्रीने थंड झाली की साधारण तीन टक्के दाट होते. वीस डिग्रीच्या हवेच्या तुलनेत आपल्या मे महिन्यातली पंचेचाळीस डिग्रीची हवा जवळजवळ आठ टक्के विरळ. म्हणूनच डिसेंबरच्या सकाळी गाडी वाघ असते आणि मे महिन्याच्या दुपारी मांजर!

मग थंड हवा दिली की झालं? इथेच तर मेख आहे. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. पंचेचाळीस डिग्रीची हवा पावणेदोन पट दाबली की ती सहज शंभरच्या वर जाते. मग इंटरकूलर तिला थंड करतो. म्हणजे फिल्टरच्या तोंडाशी वाचवलेले चार-पाच डिग्री इंजिनापर्यंत पोचतात तेव्हा त्यांची किंमत बरीच कमी झालेली असते. शिवाय किती हवा आत घ्यायची, हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. हवा सहज मिळाली की टर्बोला कष्ट थोडे कमी पडतात इतकंच. कॉम्प्युटरची सेटिंग न बदलता नुसत्या इनटेकने दहा-पंधरा पीएस वाढतात, असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर नम्रपणे चहा पिऊन बाहेर पडा.

आवाज मात्र बदलतो! टर्बोची ती शिट्टी, गॅस सोडला की 'फुस्स'... आपल्याला वाटतं गाडी पळायला लागली. खरं म्हणजे फक्त कान खूश झालेले असतात.

मौद्याचा धडा

मी घेतलेला किट म्हणजे उघडा कोन फिल्टर, एक चकचकीत पाइप आणि एक रबरी जोड. दुकानात त्याला 'कोल्ड एअर' म्हणत होते. पण फिल्टर बसला कुठे? बॉनेटच्या आत, इंजिनाच्या शेजारी. म्हणजे नाव थंड हवेचं आणि श्वास भट्टीतला.

हे मला कळलं ते दोनशे रुपयांच्या थर्मामीटरने. मासे पाळणारे टाकीत सोडतात ना, वायरवाला, तोच. त्याचं टोक फिल्टरजवळ बांधलं आणि वायर काचेतून आत घेतली. बाहेर ४४ डिग्री असताना वर्धमाननगरच्या गर्दीत आकडा गेला ६७वर! हायवेला ऐंशीच्या स्पीडने तो ५१पर्यंत उतरला. पुढे कंपनीचा मूळ डबा परत बसवून हीच टेस्ट केली, तर गर्दीत ४९ आणि हायवेला ४६. कंपनीचा डबा समोरच्या जाळीपाशी तोंड करून बाहेरची हवा घेतो आणि प्लास्टिकचा असल्याने इंजिनाची धग आत येऊ देत नाही. म्हणजे खरा 'कोल्ड एअर इनटेक' गाडीसोबत फुकटात आलेलाच होता आणि मी पैसे देऊन तो काढून टाकला होता!

पण ही टेस्ट नंतरची. त्याआधी मौदा घडलं.

बाबांना दर महिन्याला नागपूरला हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं. बायपास झालीय त्यांची. मे महिन्यातली दुपार, चेकअप करून परत येत होतो. मौद्याच्या अलीकडे ओव्हरटेक घेताना गाडी अचानक मेली. मीटरवर ईपीसीचा पिवळा दिवा, गॅस दाबून ढिम्म काही होईना. कशीबशी बाजूला घेतली आणि बॉनेट उघडलं. किटमधला तो रबरी जोड उष्णतेने मऊ पडून आत चोखला गेला होता, रिकाम्या फ्रूटीच्या पाकिटासारखा. इंजिनाचा गळाच आवळला गेला होता.

जवळच्या ढाब्यावर बाबांना कूलरसमोर बसवलं. मेकॅनिक येईस्तोवर दोन तास गेले. बाबा रिटायर्ड मास्तर, रागावत नाहीत. ओला पंचा डोक्यावर ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, 'चांगली चालत होती ना रे? मग काहून बदललं?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

मामाची राख

त्या शनिवारी मोहाडीला मामाकडे गेलो. मामाने उभं आयुष्य राइस मिलमध्ये काढलंय. मी त्याला पोलोचा तो कोन फिल्टर दाखवला, तर त्याने आतल्या पाइपमध्ये पांढरा रुमाल फिरवला. फिल्टरच्या आधी नाही हं, नंतर, म्हणजे जिथे हवा स्वच्छ झालेली असायला हवी तिथे. रुमाल राखाडी झाला. किट लावून जेमतेम दीड हजार किलोमीटर झाले होते.

'भाच्या, इथं हवा कमी नाही, धूळ जास्त आहे,' मामा म्हणाला. 'तू हवेच्या मागं लागून रायला.'

आणि मग त्याने जे सांगितलं, ते मला कुठल्याही दुकानात ऐकायला मिळालं नव्हतं. भंडारा म्हणजे धानाचा जिल्हा. कापणी, मळणी, मग मिलिंग. मिलच्या बॉयलरमध्ये धानाचंच तूस जाळतात. तूस जाळलं की त्याच्या सुमारे पाचवा हिस्सा राख उरते आणि त्या राखेत बहुतांश असतं सिलिका, म्हणजे वाळूचाच भाऊ. माझी आजी याच राखेने पितळेची भांडी घासायची. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध, त्यामुळे घरात घंगाळापासून तांब्यापर्यंत सगळं पितळेचं. राखेचा एक हात फिरला की लख्ख!

आता विचार करा. जी राख पितळ घासते, ती मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारणाऱ्या टर्बोच्या पात्यांवर, पिस्टनच्या रिंगांवर आणि सिलिंडरच्या भिंतींवर काय करेल? तेच करेल. फक्त लख्ख होण्याऐवजी इंजिन झिजेल. तेही गुपचूप, कुठलाही दिवा न लावता. यात तुमसरकडच्या मँगनीज खाणींच्या रस्त्यांची माती आणि नदीकाठच्या रेतीच्या ट्रकांची धूळ मिळवा. आमच्याकडे इनटेकचा पहिला प्रश्न 'हवा किती देतो?' हा नाहीच. 'धूळ किती अडवतो?' हा आहे.

बाजारात काय काय?

उघडा कोन: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जास्त आवाज. बॉनेटखालची गरम हवा ओढतो. शो-ऑफसाठी ठीक, मे महिन्यासाठी नाही.

बंद डब्याचा किट: खरा कोल्ड एअर इनटेक हाच. फिल्टर बंद डब्यात आणि हवा समोरून. बीएमसीसारख्या इटालियन कंपन्या असे किट करतात. महाग प्रकरण. गाडीच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग करणार असाल तरच त्याचा थोडाफार उपयोग.

मूळ डब्यात बसणारा धुवायचा फिल्टर: के अँड एन हे यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. कापडी जाळी आणि त्यावर तेल. हवा सहज सोडतो, पण निगा नीट हवी. तेल कमी पडलं तर धूळ आत, जास्त झालं तर काही गाड्यांमध्ये हवा मोजणाऱ्या सेन्सरवर थर. धुतल्यावर पूर्ण वाळेपर्यंत थांबायचा पेशन्स तुमच्यात आहे का, हे आधी स्वतःला विचारा.

कंपनीचा कागदी फिल्टर: दिसायला बोअर, पण बारीक धूळ अडवण्यात पट्ठ्या. गंमत म्हणजे थोडा मळला की तो धूळ आणखी चांगली अडवतो. मात्र पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने त्याच्यावर जोरात हवा मारू नका. कागदाला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. मळला, बदलला, विषय संपला.

कायदा आणि पाणी

आता थोडं सिरियस. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात बदल चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ डब्यात फिल्टर बदलणं ही त्या मानाने निर्धोक वाट. पण पाइपापासून सगळंच बदलत असाल, तर वॉरंटी आणि इन्शुरन्स दोन्हीकडे आधी विचारा.

दुसरी गोष्ट पाण्याची. काही किटमध्ये थंड हवेसाठी फिल्टर बंपरच्या मागे, खाली नेतात. आमच्या वैनगंगेने ऑगस्ट २०२०मध्ये काय केलं, ते भंडारेकरांना सांगायला नको. पूर सोडा, एखाद्या जोरदार पावसात अंडरपासमध्ये साचलेलं पाणीही पुरतं. फिल्टरमधून पाणी आत गेलं की पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपतं. साध्या पॉलिसीत असं नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं.

पैसे देण्याआधी हे विचारा

- फिल्टर बंद डब्यात आहे की उघडा? हवा नेमकी कुठून घेतो?
- आयएसओ ५०११ टेस्टचे आकडे आहेत का? धूळ किती टक्के अडवतो, हे त्यात कळतं. दुकानदार फक्त 'फ्लो'बद्दलच बोलत असेल तर सावध.
- जोड आणि क्लिपा कसल्या आहेत? बोटांनी दाबून पाहा. थंड असतानाच चपटा होणारा जोड मे महिन्यात काय करेल?
- फिल्टर जमिनीपासून किती उंचावर बसतो?
- मूळ डबा आणि पाइप तुम्हाला परत मिळणार ना? मिळालाच पाहिजे. घरी जपून ठेवा.
- लावल्यावर हजार किलोमीटरने फिल्टरच्या पुढच्या पाइपमध्ये पांढरा रुमाल फिरवा. रुमाल खोटं बोलत नाही.

शेवटी मी काय केलं?

किट काढला. नशिबाने मूळ डबा माळ्यावर होता. त्याच्या तोंडाच्या पाइपची एक क्लिप तुटलेली निघाली, म्हणजे तो आधीपासूनच बॉनेटखालची थोडी गरम हवा ओढत होता! क्लिप बदलली, नवा कागदी फिल्टर टाकला. मॅन्युअलमध्ये धुळीच्या भागासाठी फिल्टर लवकर बदला असं लिहिलेलंच असतं, आपण ते पान उघडत नाही एवढंच. आता धानाच्या सीझननंतर एकदा आणि उन्हाळा संपला की एकदा, असा माझा नेम आहे. दर सर्व्हिसला रुमालही फिरवतो. पांढरा येतो.

उरलेल्या बोनसमधून चार चांगले टायर घेतले. आणि खरं सांगू? ओव्हरटेक घेताना जो कॉन्फिडन्स मला इनटेककडून हवा होता, तो टायरांनी दिला.

गेल्या महिन्यात बाबांना पुन्हा नागपूरला नेलं. मौदा आलं तसं त्यांनी हळूच विचारलं, 'काही बदललं नाही ना?'

'नाही बाबा. सगळं ओरिजिनल.'

ते सीट मागे करून निवांत झोपले. पूल येईपर्यंत उठले नाहीत.