संगणकात नवी प्रणाली टाकण्यापूर्वी

आमच्या विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज आज महाडीबीटी संकेतस्थळावर भरले जातात. जातीचा दाखला, आधार क्रमांक, बँकखात्याचा तपशील हे सारे ज्या संगणकातून जाते, तो सुरक्षित असणे ही चैन नव्हे. म्हणून त्यात विंडोज वा अन्य कार्यप्रणाली कोणत्या मार्गाने टाकावी, याचा विचार पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी अवश्य करावा.

विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. त्यामुळे संगणक बंद पडत नाही. परंतु नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी दूर करणारे अपडेट पूर्ववत येत नाहीत. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर लागतो. देणगीत मिळालेले जुने संगणक बहुधा येथेच अडतात.

अशा वेळी 'फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो' असे कोणी सांगतो. पात्रतेची तपासणी चुकवून विंडोज ११ बसविता येते, हे खरे. पण पुढे अपडेट मिळतीलच, अशी हमी कंपनी देत नाही. क्रॅक केलेल्या प्रतीत काय दडले आहे, हे तर टाकणाऱ्यासही ठाऊक नसते.

संगणक पात्र आहे की नाही, हे 'पीसी हेल्थ चेक' या मोफत साधनाने कळते. पात्र असल्यास मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरूनच प्रत घ्यावी. पात्र नसल्यास नियम वाकविण्यापेक्षा प्रणाली बदलणे श्रेयस्कर. लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती विनामूल्य व हलकी असून तिला २०२९ पर्यंत आधार आहे. सी-डॅक या भारत सरकारच्या संस्थेनेही डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही प्रणाली विकसित केली आहे.

मिंट पेनड्राइव्हवरून, हार्डडिस्कला धक्का न लावता, आधी चालवून पाहता येते. तेव्हाच वायफाय, प्रिंटर व मराठी इनस्क्रिप्ट टंकलेखन तपासावे. श्रीलिपीतील जुन्या प्रश्नपत्रिका तेथे जशाच्या तशा उघडत नाहीत, हेही ध्यानी घ्यावे. प्रणाली टाकण्यापूर्वी सर्व फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी.

प्रणाली टाकून देणाऱ्यास एवढेच विचारावे: हिचे अपडेट कोण देणार आणि कोणत्या तारखेपर्यंत? याचे उत्तर मिळत नसेल, तर विद्यार्थ्यांची कागदपत्रे त्या संगणकाच्या हवाली करू नयेत.