गच्चीवरची तार आणि सोसायटीचा ठराव

४ जुलै २०२५ ला भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रातल्या मुलांशी हॅम, म्हणजे हौशी, रेडिओवर बोलले. त्यानंतर आठवडाभरात मला निदान सहा जणांनी विचारलं, ‘तो रेडिओ कुठे मिळतो? केवढ्याला?’ अँटेनाबद्दल एकानेही विचारलं नाही. बातमीच्या ज्या चित्रफिती मी पाहिल्या, त्यांत माईक होता, मुलांचे चेहरे होते. गच्चीवर काय उभं आहे ते दाखवायला कुणी जिना चढल्याचं काही दिसलं नाही.

अशा संपर्कात खरी धावपळ गच्चीवरच असते. स्थानक ताशी २८,००० किलोमीटरच्या आसपास धावतं, म्हणजे आपल्या आभाळातून फार तर दहा मिनिटांत पार होतं. तेवढ्या वेळात अँटेनाने त्याच्यामागे मान वळवत राहायचं, आडवीही आणि उभीही. मान चुकली की आवाज खरखरीत बुडतो. मग खालचा रेडिओ कितीही लाखांचा असो.

चाळिशी उलटलेल्या कुणालाही हे काम नवं नाही. दूरदर्शनच्या काळात घरातला एक जण गच्चीवर, एक खिडकीत आणि एक टीव्हीपुढे. ‘आलं का?’ ‘आलं… गेलं! परत डावीकडे!’ पुण्यात तो ॲल्युमिनियमचा कंगवा सिंहगडाकडे तोंड करून बसायचा, मुंबईत वरळीकडे. अँटेनाचा हा प्रकार १९२६ च्या सुमारास जपानच्या सेंदाई इथल्या विद्यापीठात उदा आणि यागी या दोघांनी मांडला. जपानने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. १९४२ साली सिंगापूर पडलं तेव्हा ब्रिटिश रडारवरची एक टिपणवही जपानी सैन्याच्या हाती लागली. तीत जागोजाग ‘यागी’ हा शब्द. तो काय असावा हे कुणाला उलगडेना. शेवटी एका युद्धकैद्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला की हे तर तुमच्याच प्राध्यापकाचं नाव आहे. आजही अंतराळ स्थानकाशी बोलायला बहुतेक जण याच यागीची जुळी आवृत्ती वापरतात. १४५ मेगाहर्ट्झला तिची एकेक काडी साधारण मीटरभर लांब भरते.

या लेखासाठी मी ज्या काकांकडे गेलो, त्यांना यागीचं फार कौतुक नाही. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, पुण्यात चार मजली इमारतीत राहतात आणि त्यांच्या मते हॅम म्हणवणाऱ्याने आधी तार ओढायला शिकावं. पावसाने उघडीप दिलेल्या सकाळी त्यांनी मला थेट गच्चीवर बोलावलं आणि हातात नायलॉनच्या दोरीचं टोक दिलं. ‘मुलाखत होईल हो, आधी हे धरा.’

पाण्याच्या टाकीला यू-बोल्टने आवळलेला वीस फुटी जीआय पाइप, त्याच्या शेंड्याला छोटी कप्पी, कप्पीतून दोरी. दोरीला बांधलेला पीव्हीसीचा एक तुकडा आणि त्यातून दोन्ही बाजूंना निघालेली घरगुती वायरिंगची तार. दोन्ही टोकं उतरत उतरत गच्चीच्या कठड्यापर्यंत येतात, लग्नमांडवाच्या माळेसारखी. याला डायपोल म्हणतात. असा मधे उचललेला असला की उलटा व्ही. सगळा हिशेब एका भागाकारात बसतो: १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागा, तारेची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. काकांना ७.१ मेगाहर्ट्झ हवं होतं, म्हणजे २० मीटर, एका बाजूला दहा. त्यांनी मात्र साडेदहा कापली. कारण विचारलं तर माझ्याकडे असं पाहिलं की मी शिंप्याला माया कशाला सोडता असं विचारतोय.

खाली येऊन मीटर लावला. अँटेना ६.८ ला जुळत होता. वर जाऊन दोन्ही टोकांकडून थोडी थोडी तार दुमडायची, खाली येऊन पाहायचं. तीन फेऱ्यांत दोन्हीकडची मिळून जवळपास एक मीटर तार आत गेली आणि काटा ७.१ पाशी येऊन शांत बसला. मीटर सांगतो तो एसडब्ल्यूआर, म्हणजे पाठवलेल्या शक्तीतली किती अँटेनाने स्वीकारली आणि किती केबलमधून परत आली याचा अंदाज देणारा आकडा. तो दीडच्या आत आला की हॅम लोक चहा मागवतात. काकांचा १.३ आला.

एक फेरी मात्र वाया गेली. आकडा एकाएकी बिघडला म्हणून वर गेलो, तर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी कठड्याजवळच्या टोकावर ओली चादर वाळत घातलेली. त्यांचं काय चुकलं? दिसायला ती कपड्यांची दोरीच होती. पण बोलणं सुरू असताना याच टोकांशी सगळ्यात जास्त व्होल्टेज असतं, हात लागला तर भाजतं. काकांनी लगेच दोन्ही टोकं काठ्या लावून डोक्याच्या वर उचलली. हे काम आधीच करायला हवं होतं, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी मान्य केलं.

तार एवढी बुटकी का, हा माझा पुढचा प्रश्न. पुस्तकं सांगतात, डायपोल जमिनीपासून अर्धी तरंगलांबी वर हवा. या बँडला ती वीस मीटर, म्हणजे सहा-सात मजले. इथे तर गच्चीपासून शेंडा वीस फुटांवर. त्यावर काकांनी जे समजावलं ते या प्रकरणातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. उंचावरचा अँटेना लहरी क्षितिजाकडे फेकतो. त्या दूर जाऊन आयनांबरावर आपटतात आणि दोन-चार हजार किलोमीटरवर उतरतात. युरोप मिळतो, जपान मिळतो, मधलं सातारा-कोल्हापूर मात्र डोक्यावरून निघून जातं. बुटका अँटेना लहरी सरळ वर पाठवतो आणि त्या कारंज्याच्या पाण्यासारख्या आसपासच्या तीन-चारशे किलोमीटरवर पडतात. वाटेत सह्याद्री असला काय नि नसला काय.

आता ऑगस्ट २०१९ आठवा, कोल्हापूर-सांगली पाण्याखाली. जून २०२० आठवा, निसर्ग वादळाने श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत विजेचे खांब आडवे केले आणि मोबाइल दिवसेंदिवस मुके झाले. अशा वेळी जिल्ह्याच्या ठिकाणाशी बोलायला शंभर फुटी टॉवर उभारण्यात अर्थ नाही. दोन बांबू, वीस मीटर तार, गाडीची बॅटरी. आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकांमध्ये उपग्रह फोनच्या किमतींवर चर्चा होते, ती जरूर व्हावी. पण तालुक्याच्या गोदामात तारेची एक गुंडाळीही असावी आणि ती बांधता येणारा माणूसही.

याच मापाच्या तारेला आपल्याकडे इतिहासही आहे. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत चालवलेलं काँग्रेस रेडिओ केंद्र ४२.३४ मीटरवर होतं. त्याची अर्धी तरंगलांबी २१ मीटर, काकांच्या गच्चीवर जेमतेम मावेल एवढी. पोलीस मागावर असल्याने केंद्राची जागा सारखी बदलावी लागे. सामान हलवणं एक, आणि नव्या ठिकाणी कुणाच्या नजरेत न भरता एरियल लावणं दुसरं. चित्रपट त्या दुसऱ्या कामात फारसे रमत नाहीत.

टॉवरच्या वाटेला जाणाऱ्याने मात्र रेडिओचं पुस्तक मिटून वाऱ्याचं उघडावं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, दाब चौपट. इमारतींसाठीचं भारतीय मानक मुंबईला सेकंदाला ४४ मीटर वारा धरतं, पुण्याला ३९. म्हणजे वाऱ्याला आडव्या प्रत्येक चौरस मीटरवर मुंबईत सुमारे ११८ किलोचा रेटा, पुण्यात ९३ चा. फिरत्या यागीचं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरलं तरी मुंबईत चाळीस फुटी खांबाच्या शेंड्यावर एक धडधाकट माणूस आडवा लटकतोय असं समजा. त्याला धरून ठेवतात ते तणावे, तंबूला असतात तेच. तीन दिशांना तीन, खांबाच्या उंचीच्या साठ ते ऐंशी टक्के अंतरावर रोवलेले. प्रत्येक तणाव्यात ताण देणारा टर्नबकल आणि त्याच्या पोटातून ओवलेला तारेचा फास, कारण वाऱ्याच्या थरथरीने टर्नबकल आपोआप उलगडत जातो. मधे चिनी मातीची अंडाकृती इन्सुलेटर, नाहीतर तणावाच अँटेना होऊन बसतो. या अंड्यात दोन तारा अशा एकमेकींत अडकवलेल्या असतात की अंडं फुटलं तरी फास सुटत नाही. एवढ्याशा वस्तूत एवढा शहाणपणा भरणाऱ्याचं नाव कुणाला आठवत नाही.

पुण्याच्या परिसराला उंच खांबांचं अप्रूप जुनंच. २३ जुलै १९२७ ला लॉर्ड आयर्विनने ज्या बीम वायरलेस सेवेचं उद्घाटन केलं, तिचं पाठवण्याचं केंद्र खडकीला आणि घेण्याचं दौंडला होतं. पलीकडे इंग्लंड. पण ती सेवा उभारणाऱ्या मार्कोनी कंपनीच्या मूळ पुरुषालाच वाऱ्याने धडा दिला होता. सप्टेंबर १९०१ मध्ये कॉर्नवॉलच्या पोल्धू इथला त्याचा वीस खांबांचा, दोनशे फूट उंचीचा घेर एका वादळात भुईसपाट झाला. पाठोपाठ अमेरिकेतल्या केप कॉडचेही खांब गेले. मग डिसेंबरमध्ये न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर मार्कोनीने तार पतंगाला बांधून उडवली आणि अटलांटिकपारचा पहिला संदेश ऐकल्याचं जाहीर केलं. त्याने तो खरंच ऐकला का, यावर जाणकार आजही भांडतात. पतंगाबद्दल भांडण नाही.

पैसे कुठे घालावेत, यावर काकांचं मत ठाम आहे आणि मला ते पटतं. पॉवर चौपट केली तर समोरच्याच्या मीटरवर काटा जेमतेम एक घर सरकतो. उलट पातळ आरजी-५८ केबल तीस मीटर ओढून १४५ मेगाहर्ट्झवर बोललात, तर तीन चतुर्थांश शक्ती वाटेतच उष्णता होऊन जाते. वर पावसाळ्यात जोडातून पाणी शिरलं की उरलेलीही. तेव्हा जाड केबल, जोडावर रबरी टेप, खिडकीतून आत येण्याआधी केबलला खाली एक झोल, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडू लागली की केबल रेडिओतून काढून घराबाहेर. कोळसा-मीठ घातलेलं अर्थिंग हवंच. पण थेट पडलेल्या विजेशी त्याने कुस्ती खेळावी ही अपेक्षा नको. आणि विजेच्या लाइनीपासून एवढं लांब राहायचं की खांब कुठल्याही बाजूला कोसळला तरी तिला शिवणार नाही. या छंदात माणसं मरतात ती बहुतेक इथेच.

राहिली सोसायटी. परीक्षा द्यायची केंद्र सरकारची, परवाना आणि व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्री ने सुरू होणारं संबोधन द्यायचं दिल्लीने, गच्ची मात्र कमिटीची. अमेरिकेत स्थानिक प्रशासनाने हॅम अँटेनाला वाजवी मुभा द्यावी असा केंद्रीय आदेश १९८५ पासून आहे. पण खाजगी वसाहतींच्या नियमांपुढे तिथलेही हॅम हात टेकतात. मे २०२४ मध्ये घाटकोपरला १२० फुटी जाहिरात फलक कोसळून १७ जीव गेले. तेव्हापासून गच्चीवर काही उभं राहताना दिसलं की सभासद दचकतात, आणि त्यांना दोष देववत नाही. मात्र ज्या इमारती मोबाइल कंपनीचं भाडं घेऊन अख्खी गच्ची देतात, त्याच कधी कधी दीड मिलिमीटरच्या तारेला ‘रेडिएशन’ म्हणून अडवतात. काकांच्या इमारतीत असं पत्र आलंय. त्यांनी उत्तरात पाइपचं वजन, यू-बोल्टची संख्या आणि वाऱ्याचा हिशेब जोडून पाठवला. मला वाटतं, तो कुणी वाचलेला नाही.

दुपारी त्यांनी रेडिओ सुरू केला. तिसऱ्या हाकेला कोल्हापूर जिल्ह्यातून ओ आली. आवाज इतका स्वच्छ की मागे कुकरची शिट्टी ऐकू यावी. ‘पाच-नऊ, दादा. इकडे धो धो आहे. तुमच्याकडे?’ काकांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि उघडीप असल्याचं सांगितलं. मग पुढची वीस मिनिटं दोघे जण गंजलेल्या कप्पीला कोणतं ग्रीस चांगलं यावर बोलत होते.

पत्राचा निर्णय वार्षिक सभेत व्हायचा आहे, सप्टेंबरमध्ये. तोवर कागदोपत्री तार ‘तात्पुरती’ आहे. पाइपला मात्र काकांनी दुसरा हातही मारून घेतलाय, इमारतीच्याच रंगाचा.