कुणीच न पाहिलेला क्षण

येशूचं पुनरुत्थान होताना कुणी पाहिलं? चारही शुभवर्तमानं वाचा. कबरीवरची शिळा दूर झालेली असते, कबर रिकामी असते, नंतर शिष्यांना येशू भेटतोही. पण तो उठला त्या नेमक्या क्षणाचं वर्णन एकाही शुभवर्तमानात नाही! मग चित्रकाराने काय रंगवायचं आणि संगीतकाराने काय ऐकवायचं?

मथियास ग्र्युनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने १५१२ ते १५१६ या काळात आल्सासमधल्या इसेनहाइमच्या मठासाठी वेदीचित्रं रंगवली. या मठात 'संत अँथनीच्या आगी'चे रुग्ण येत. राय धान्यावरच्या बुरशीमुळे होणारा हा रोग. अंगाची आग होई, हातपाय सडत. वेदीवरच्या चित्रफलकांची कवाडं मिटलेली असली की समोर क्रुसावरचा येशू दिसे: हिरवट पडलेली कातडी, अंगभर जखमा, वेदनेने ताठरलेली बोटं. रुग्णांना त्यात आपलंच शरीर दिसावं असा. मोठ्या सणांना कवाडं उघडत आणि पुनरुत्थान झळाळून उठे. काळ्या, तारे विखुरलेल्या आकाशात येशू वर झेपावतोय, पहारेकरी कोलमडलेत, मागे पिवळ्या-केशरी प्रकाशाचं प्रचंड वलय. कातडी आता नितळ आहे. हात, पाय आणि कुशीतल्या घावांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. चेहरा निरखायला जावं, तर तो प्रकाशातच विरघळत चाललेला!

आता संगीत. १५२४ साली धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं ईस्टरचं, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाचं, सात कडव्यांचं गीत छापलं गेलं. १७०७ च्या सुमारास विशीतल्या बाख या जर्मन संगीतकाराने त्यावर 'क्रिस्ट लाग इन टोडेसबांडेन' हा कँटाटा (गायक आणि वाद्यांसाठीची संगीतकृती) रचला. सातही कडव्यांना आधार एकाच चालीचा, पण दर वेळी मांडणी निराळी. तिसऱ्या कडव्यात व्हायोलिनं भरधाव सुटलेली असतात. मृत्यूची सत्ता सरली असं गाणारा गायक 'काहीच नाही' या अर्थाच्या शब्दावर येतो आणि सगळी धाव तुटते. शून्य कानांना ऐकू येतं! चौथ्या कडव्यात जीवन आणि मृत्यूची झुंज आहे. आल्टो, म्हणजे मधल्या पट्टीतले, गायक मूळ चाल संथपणे धरून राहतात. बाकीचे आवाज एकमेकांच्या पाठी लागतात, एकमेकांना गिळत जातात. एका मरणाने दुसऱ्याला गिळलं, हे भाषा न कळताही समजतं.

सर्वात मोठी गोष्ट सांगायच्या जागी एकाने चेहरा पुसट केला, दुसऱ्याने संगीत थांबवलं. श्रद्धेच्या कलेतलं हे धाडस मला अजोड वाटतं.

चित्र आज फ्रान्समध्ये, कोल्मारच्या उंटरलिंडेन संग्रहालयात आहे. कँटाटा साधारण वीस मिनिटांचा आहे. येत्या ईस्टरला चित्राची मोठी प्रत समोर ठेवून तो जरूर ऐका.