ऊस बिल, संगणक आणि आपण सभासद



ऊस गव्हाणीत पडला की आपले काम संपले, असे आपण समजतो. पण तिथून पुढे दुसरे गाळप सुरू होते, ते आकड्यांचे. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना घ्या. सरासरी १५ टनांची खेप धरली तर रोज ३३३ खेपा झाल्या. प्रत्येक खेपेचे वजन दोनदा, एकदा भरलेले आणि एकदा रिकामे. १२० दिवसांच्या हंगामात अशा ४० हजार खेपा होतात. हा आकडा काट्यावरून शेती खात्यात, तिथून हिशेब खात्यात आणि तिथून बँकेच्या यादीत हाताने उतरवायचा म्हटला, तर हंगामात १ लाख २० हजार वेळा लिहिणे आले. त्यात कुठे १ चा ९ झाला नाही तरच नवल!

नुसता संगणक पुरत नाही

कुणी म्हणेल, आता सगळीकडे संगणक आले की! आले खरे. पण एका खात्यातला कारकून कागद छापतो आणि दुसऱ्या खात्यातला तोच कागद बघून पुन्हा टंकतो, असे असेल तर वहीच्या जागी पडदा आला, एवढाच फरक. खरा फायदा व्हायचा तर रोजचे ठरलेले काम संगणकाने आपले आपण केले पाहिजे.

म्हणजे काय? गाडी काट्यावर आली की वजन थेट नोंदीत जावे, मधे कुणी हाताने लिहू नये. दिवस संपला की प्रत्येक सभासदाच्या खात्यावर त्या दिवसाचा ऊस चढावा. सोसायटीची वसुली, पाणीपुरवठा संस्थेची पट्टी, खत-बियाण्यांची उधारी या कपाती ठरल्या नियमाने लागाव्यात. बँकेला द्यायची यादी तयार व्हावी आणि सभासदाच्या मोबाइलवर वजनाचा संदेश जावा. रात्री सगळ्या हिशेबाची एक नक्कल दुसऱ्या जागी जपून ठेवली जावी. या कामात डोके चालवायचे नसते. तेच ते रोज न चुकता करायचे असते. माणूस अशा कामाला कंटाळतो, यंत्र कंटाळत नाही.

चौदा दिवसांचा हिशेब

यात आपला रोकडा संबंध आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे, लेखी करार वेगळा नसेल, तर ऊस पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत त्याचे पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज लागते. लाखाचे बिल महिनाभर लांबले तर हे व्याज १,२०० रुपयांच्या वर जाते.

आता पंधरवड्याने बिल काढण्याची जुनी पद्धत पाहा. १ तारखेला घातलेल्या उसाला १५ तारखेला, म्हणजे पंधरवडा संपतो त्या दिवशीच, १४ दिवस भरतात. बिल करायला मग आठवडा लागला तर मुदत मागेच पडली. लेखणीने हिशेब व्हायचा तेव्हा पंधरवड्याचा गठ्ठा करण्याला इलाज नव्हता. यंत्राला रोजचा हिशेब रोज करायला जड जात नाही. दर आठवड्याला बिल निघू शकते. सोसायटीचे कर्ज मुदतीत फिटले नाही तर व्याजाची सवलत हातची जाते, हे आपल्याला सांगायला नको. बिलाचे चार दिवससुद्धा तिथे मोलाचे ठरतात.

मात्र एक गोष्ट मनात पक्की धरावी. यंत्र हिशेब करते, पैसा आणत नाही. गोदामातली साखर विकली गेली नाही, मालतारणावर बँकेची उचल मिळाली नाही, तर बिल तयार असूनही खाते रिकामेच राहणार. पण हिशेब वेळेवर तयार असला की उशीर कागदाने झाला की पैशाने, हे सभासदाला कळते. ‘बिले अजून व्हायचीत’ हे उत्तर मग चालत नाही.

वारणेचा दाखला

हे नुसते कल्पनेतले बोलणे नव्हे. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या परिसरात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतली ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. उसाची नोंद, तोडीचा परवाना, वजन ही माहिती गावातच मिळावी, कारखान्यावरची खेप वाचावी, हा हेतू. पुढे २००६-०७ च्या सुमारास त्यातल्या सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशावर हेच काम करून पाहिले गेले. सभासदाने विचारायचे आणि यंत्राने नोंदीतून शोधून उत्तर पाठवायचे. महागडी यंत्रे गावोगाव मांडण्यापेक्षा हे स्वस्त पडले. यातून घेण्यासारखा बोध असा की सभासदाला हवी असते ती आपल्या उसाची साधी, खरी आणि वेळेवर माहिती. ती साध्या फोनवरही पोचते.

२०२२ साली साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ हे मोबाइल ॲप आणले, तेव्हापासून सभासदाला घरबसल्या उसाची नोंद करण्याची सोय झाली. नोंदीची तारीख एकदा पक्की झाली की तोडपाळीची यादी लागणीची तारीख आणि जात पाहून यंत्राला लावता येते. ती यादी गट ऑफिसच्या फळ्यावर लागली की वशिल्याला जागा कमी उरते.

यंत्रावर सोडून चालणार नाही असे काही

कारकुनाची चूक एका बिलात राहते; यंत्रात नियम चुकीचा भरला तर हजारो बिले एका रात्रीत चुकतात. म्हणून नवी पद्धत लावताना मागच्या हंगामाची बिले तिच्यावर पुन्हा काढून ताडून पाहावीत, मगच पुढे जावे. हिशेबाच्या नकलेचेही तसेच. ती ठेवली जाते म्हणून निश्चिंत राहू नये. तिच्यातून हिशेब परत उभा राहतो का, हे हंगामाआधी करून पाहावे. आणि वजनकाटाच खोटा असेल तर संगणक ते खोटे वजनच बिनचूक उतरवील! काट्याची तपासणी माणसांनीच करायची आहे.

कारकून पोरांचे काय, हा प्रश्नही रास्त आहे. ती आपल्याच घरची आहेत. आकडे उतरवण्यातून सुटलेला माणूस घरी बसवायचा नाही. त्याला गट ऑफिसात बसवून तक्रारी ऐकायला, नोंदीचे क्षेत्र बांधावर जाऊन मोजायला लावावे. एका गावात एकाच नावाचे चार पाटील असतात. त्यांतला कोणता खरा, हे गावचा माणूसच सांगू जाणे.

आपण काय करावे?

पहिले, बँक खाते तपासा. २०१९ आणि २०२० साली बऱ्याच सरकारी बँका एकमेकींत विलीन झाल्या आणि शाखांचे आयएफएससी कोड बदलले. जुनाच कोड कारखान्यात राहिला असेल तर बिल अडकते. दुसरे, मोबाइल नंबर बदलला की गट ऑफिसला लगेच कळवा, नाहीतर तुमच्या उसाचा संदेश भलत्याच्या खिशात वाजेल. तिसरे, प्रत्येक खेपेची काटा पावती जपून ठेवा आणि बिलाशी ताडून पाहा. चौथे, कारखान्याशी झालेला करार वाचा. १४ दिवसांबाबत त्यात काय लिहिले आहे, ते पाहा. आणि वार्षिक सभेत लाभांशाबरोबर हेही विचारा, की काट्यापासून बँकेपर्यंत आपला आकडा किती जणांच्या हातून जातो? जितके हात कमी, तितकी चूक कमी आणि बिल लवकर.