पालघर ते तारापूर : गरिबी मोजण्याचा एक दिवस

पहाटे ५.३०, पालघर स्टेशन

मुंबईकडच्या फलाटावर या वेळीच गर्दी उसळलेली असते. एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली आणि पालघर-बोईसरची माणसं रोजच्या कामासाठी आणखी लांब जाऊ लागली. मी उलट्या दिशेने, बोईसरला निघते. घरोघर जाऊन पाहणी करणं हे माझं काम. घरात माणसं किती, काल काय शिजलं, भाडं किती, मुलं शाळेत जातात का, हे विचारायचं आणि लिहून घ्यायचं. ‘या भागात इतके टक्के लोक गरीब’ हे जे वाक्य वर्तमानपत्रात येतं, ते अशाच उत्तरांतून तयार होतं.

७.००, बोईसरचा मजूर नाका

गवंडी, रंगारी, बिगारी उभे आहेत. ठेकेदाराची गाडी थांबली की सगळे तिच्याकडे धावतात. इथे ‘महिन्याचं उत्पन्न किती?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. मी विचारते, “दादा, गेल्या आठवड्यात किती दिवस काम लागलं?” मग आठवून उत्तर येतं. आठ वाजले की ज्यांना काम मिळालं नाही ते डबा घेऊन घरी परततात. त्यांचा तो दिवस कुठल्याच वार्षिक आकड्यात वेगळा दिसत नाही.

८.३०, सरावलीच्या चाळी

तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायनं, औषधं, कापड, पोलाद यांचे कारखाने आहेत. रात्रपाळी करून आलेले उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार एका खोलीत चार-पाच जण राहतात. एकजण झोपतो, तेव्हा दुसरा स्वयंपाक करतो. कागदावर यांतला जवळजवळ कुणीच गरीब नाही. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी महाराष्ट्राची दारिद्र्यरेषा काढली गेली, ती माणशी महिना ग्रामीण भागात ९६७ रुपये आणि शहरी भागात १,१२६ रुपये खर्चाची होती. आता बोईसर कुठे धरायचं? जनगणनेने ते शहर मानलं, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा.

अन्नसुरक्षा कायद्याखाली स्वस्त धान्य मिळणाऱ्या प्राधान्य कुटुंबांसाठी राज्याने वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठेवली, ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये. रोजगार हमीच्या २०२५-२६ मधल्या ३१२ रुपये रोजाने घरातल्या एकाच माणसाने वर्षात १४२ दिवस काम केलं, तरी ते कुटुंब ग्रामीण मर्यादेबाहेर जातं. उरलेले २२३ दिवस ते काय खाणार, हे ही मर्यादा विचारत नाही.

१०.००, पुनर्वसन वसाहत

तारापूरची पहिली दोन अणुसंयंत्रं १९६९ मध्ये सुरू झाली. तिसऱ्या-चौथ्या संयंत्रांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं हलवली गेली. नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक बारा गोष्टी तपासतो. त्यात पोषण, शाळा, शौचालय, पाणी, वीज, घर, बँक खातं वगैरे येतं. इथे पक्कं घर आहे, वीज आहे, खातं आहे, म्हणून एकेक रकाना ‘ठीक’ होत जातो. किनारा आणि वाडी मागे राहिली, त्यासाठी रकाना नाही. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी ते लिहून ठेवते.

११.३०, कोळगाव, जिल्हाधिकारी कार्यालय

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याचे तालुके आठ. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, त्यातले तेरा लाखांहून जास्त लोक एकट्या वसई तालुक्यात. जव्हार-मोखाड्यात मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक आदिवासी. या सगळ्यांची सरासरी काढली की वसई-विरारच्या इमारतींआड मोखाडा दिसेनासा होतो. निर्देशांकानुसार महाराष्ट्रातली गरिबी २०१५-१६ मधल्या १४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्क्यांवर आली. ही घट खरी आहे आणि आनंदाची आहे. पण ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवर ती आधारलेली आहे, तिचा नमुना जिल्ह्यापर्यंतच पोचतो. तालुक्याचं चित्र त्यातून निघत नाही.

१.००, डबा

जेवताना अमेरिकेतल्या महानगरांचे गरिबीचे आकडे चाळते. तिथली अधिकृत रेषा मॉली ऑर्शान्स्की यांनी १९६० च्या दशकात किमान आहाराच्या खर्चाची तिप्पट धरून आखली. न्यूयॉर्क असो की टेक्सासचं सीमेवरचं मॅकॅलन, रेषा एकच. म्हणून महाग घरभाड्याची शहरं त्या आकड्यांत आहेत त्यापेक्षा सुखी दिसतात. घराचा खर्च धरणारं पूरक मोजमाप २०११ पासून आलं आणि कॅलिफोर्निया गरिबीच्या क्रमवारीत एकदम वर सरकला. डेट्रॉइट शहरात जवळपास तिसरा हिस्सा लोक गरीब, पण उपनगरांसह महानगर धरलं की प्रमाण त्याच्या निम्म्याखाली जातं. हद्द कुठे आखली आणि भाडं मोजलं की नाही, यावर तिथेही क्रम बदलतो. बोईसर आणि मोखाड्याचं नेमकं हेच दुखणं आहे.

२.३०, विक्रमगडच्या पुढचा पाडा

चिल्हार फाटा, मनोर ओलांडून इथवर यायला बराच वेळ लागतो. भातकापणी होऊन गेली आहे आणि निम्म्या घरांना कुलूप आहे. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला वारली, कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर गेली आहेत. ओटीवर एक आजी नातवंडाला घेऊन बसली आहे. “आजी, सून कधी येईल?” “होळीला.” फॉर्ममध्ये मी ‘घर बंद’ अशी खूण करते. नियमाप्रमाणे बंद घराऐवजी शेजारचं उघडं घर घेता येतं. पण उघडं घर बहुधा त्याचं असतं, ज्याला गाव सोडावं लागलं नाही. या एका सवलतीने सर्वांत गरीब माणूस नमुन्यातून गळतो आणि टक्केवारी खाली येते. म्हणून मी ती सवलत घेत नाही. कुटुंब कुठे गेलं ते विचारते आणि पत्ता टिपते.

५.३०, परतीच्या वाटेवरची वीटभट्टी

नवरा-बायको जोडीने विटा पाडतात आणि पैसे हजार विटांमागे मिळतात. झोपडी विटांचीच, न लिंपलेली. मुलांची नावं गावच्या शाळेच्या पटावर आहेत, मुलं इथे माती तुडवतात. आज मिळालेला रोज विचारला तर उत्तर येतं, “उचलीतून वळता होतो.” बारापैकी बहुतेक रकाने इथे ‘वंचित’ भरतात. जी गरिबी पाड्यावर कुलूपबंद होती, ती इथे सापडली.

८.००, टेबलावर

दिवसाचे फॉर्म तपासते. ठिकाण, हंगाम, भाडं आणि बंद घरं, हे चार तपशील प्रत्येक टक्केवारीसोबत छापले पाहिजेत. त्यांच्याशिवाय दोन शहरांची किंवा दोन तालुक्यांची तुलना करणं अन्याय आहे.

येत्या जनगणनेतली माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. २०११ लाही ती फेब्रुवारीतच झाली होती. त्या महिन्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगडची कुटुंबं भट्ट्यांवर असतात. म्हणून प्रगणकांनी प्रत्येक वीटभट्टी आपल्या यादीत घ्यावी, भट्टीमालकांनी त्यांना आत येऊ द्यावं आणि ग्रामपंचायतींनी बाहेर गेलेल्या कुटुंबांची यादी आधीच तयार ठेवावी. तुमच्या गावाजवळ भट्टी असेल, तर तिथली माणसं मोजली गेली का, हे त्या महिन्यात तुम्ही स्वतः जाऊन विचारा.