दुःख तारक कधी ठरते?

कॅथलिक धर्मविचारात दुःख स्वतःहून पवित्र नसते. ख्रिस्ताच्या क्रुसाशी ते प्रेमाने जोडले गेले, तरच त्याला तारक अर्थ येतो. या मताचा मुख्य आधार म्हणजे कलस्सैकरांस पत्र (१:२४). ख्रिस्ताच्या क्लेशांतले उणे आपण मंडळीसाठी स्वतःच्या देहात भरून काढतो, असे पत्रलेखक त्यात म्हणतो. प्रोटेस्टंट आक्षेप असा, की इब्री लोकांस पत्रानुसार ख्रिस्ताचे बलिदान एकदाच आणि पुरेसे झाले. मग उणे काय उरले? पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ च्या ‘साल्विफिची दोलोरिस’ या पत्रात याचे उत्तर दिले: तारणकार्य पूर्णच आहे, पण माणसाच्या सहभागाला त्यात जागा आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: ही शिकवण वेदनेचा गौरव करते, पीडिताला गप्प बसवते. असा गैरवापर होऊ शकतो, हे खरेच. पण ‘साल्विफिची दोलोरिस’ हेच पत्र अखेरीस चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याकडे वळते आणि जखमीची सेवा हे कर्तव्य ठरवते. शिवाय, पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच असह्य वेदनेवर औषध देण्यास, त्याने आयुष्य घटण्याचा संभव असला तरी, मान्यता दिली होती. म्हणजे दुःख अर्पण करणे हा सोसणाऱ्याचा स्वेच्छेचा निर्णय. इतरांना सोसायला लावण्याचा अधिकार त्यातून कुणालाच मिळत नाही.